पाण्याखाली जायचा फॉर्म

विमानाच्या तिकिटांना मी काही बोलले नाही. हॉटेलच्या भाड्याला थोडी कुरकुर केली. पण मुलीने स्कूबाचा आकडा सांगितला तेव्हा निवडत असलेली पालकाची जुडी माझ्या हातातच राहिली.

"एका माणसाचे साडेसहा हजार? पाण्यात बुडायचे?"

"बुडायचे नाही गं, डाइव्ह करायचे. बोटीने आत नेतात, इन्स्ट्रक्टर सतत धरून असतो, अर्धा तास खाली. किनाऱ्यावरून केलं तर साडेचारात होतं, पण तिथे वाळूच जास्त. आणि आता बोलून उपयोग नाही. दोघींचे भरलेत मी. परत मिळत नाहीत."

ती तेवीस वर्षांची, लोअर परळच्या एका ऑफिसात नोकरीला. पहिल्या बोनसमधून आईला अंदमानला न्यायचं, हे तिने स्वतःच ठरवलं होतं. तिच्या बाबाला विमानाचंच वावडं, त्यामुळे आम्ही दोघीच जाणार होतो. स्कूबाही माझ्यासाठीच होतं. चाळिशी उलटल्यावर मी दादरच्या तरणतलावात पोहायला शिकले, याचं तिला भारी कौतुक. ऑफिसात सगळ्यांना सांगायची, माझी आई दहा फूट पाण्यात उडी मारते. मी शाळेत गणित शिकवते. उडी मारणारी बाई म्हणून माझी ओळख कोणी करून देत असेल, तर मलाही ते आवडायचं.

चार दिवसांनी त्या डाइव्हवाल्यांचा फॉर्म आला. संध्याकाळची वेळ होती. लालबागला आमची चाळ पाडून झालेल्या इमारतीत अकराव्या मजल्यावर आमचं घर आहे. नवरा टीव्हीवर बातम्या बघत होता, मी कुकर लावत होते, आणि मुलगी लॅपटॉपवर माझा फॉर्म भरत होती. एकेक प्रश्न मोठ्याने वाचायची आणि उत्तरही तीच द्यायची.

"हृदयविकार, नाही. फिट्स येतात का, नाही. कानाचं ऑपरेशन, नाही. दमा, टीबी, फुप्फुसाचा कुठलाही आजार, आत्ता किंवा पूर्वी..." इथे ती थांबलीसुद्धा नाही. "नाही. मधुमेह, नाही. आई, इथे बोटाने सही कर."

मी पदराला हात पुसले आणि सही केली.

एकोणिसाव्या वर्षी मला टीबी झाला होता.

गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे 'तिला शिवडीला नेलं' एवढं म्हटलं की पुढचं कोणी विचारायचं नाही. शिवडीला टीबीचा मोठा दवाखाना, आणि तिथे जाऊन आलेल्या मुलीला स्थळ येत नसे. संपानंतर बाबांची गिरणी सुटली होती, ते एका गोदामात कामाला होते, घरात आणखी एक संकट परवडणारं नव्हतं. आईने चाळीत सांगितलं की पोरगी टायपिंग शिकायला मावशीकडे गेली. मावशीचं अँटॉप हिलला सरकारी क्वार्टर होतं. तिथे मी नऊ महिने गोळ्या खाल्ल्या. त्यांनी लघवी लाल व्हायची. मावशीने माझी ताट-वाटी वेगळी ठेवली होती आणि माझ्यादेखत ती कधी त्याबद्दल बोलली नाही. मी पूर्ण बरी झाले. पाच वर्षांनी लग्न ठरलं तेव्हा आईने मला स्वयंपाकघरात नेऊन शपथ घातली, आणि मी ती पाळली. आधी भीतीने पाळली. नंतर इतकी वर्षं झाली की कुठून सुरुवात करायची तेच कळेना.

सही केल्यापासून माझं कशात लक्ष लागेना. वर्गात फळ्यावर उदाहरण सोडवता सोडवता पायरी विसरले, पोरं हसली. मोबाइलवर शोधून वाचलं की टीबी होऊन गेलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय डाइव्ह करू नये. माझी आई आता कणकवलीकडे गावी असते. शाळेच्या जिन्यात उभं राहून मी तिला फोन लावला.

"फॉर्मार नाय म्हणान लिवलंस मा? मग गप रव," ती म्हणाली. "कोण बघूक येतला हा?"

"आई, छातीत काही झालं तर?"

"मग पाण्यात जाव नको. पण तोंड उघडू नको. पंचवीस वर्सां सुखान संसार केलंस, आता तेका कित्याक सांगतंस?"

परळला आमच्या ओळखीचे दोन डॉक्टर आहेत. मी त्यांच्याकडे गेले नाही. दादर पूर्वेला एका अनोळखी दवाखान्यात गेले, एक्स-रे काढला. डॉक्टर वयस्कर बाई होत्या. त्यांनी फिल्म उजेडावर धरली आणि उजव्या बाजूला वरती पेनाचं टोक टेकवलं.

"हा जुना वण. तुम्हाला रोज काही त्रास नाही, पोहा, जिने चढा. पण खाली नळकांड्यातली हवा दाबाखाली छातीत जाते. वर येताना ती फुगते. चांगल्या फुप्फुसातून श्वासाबरोबर निघून जाते. अशा वणापाशी अडकली, तर फुप्फुस फाटू शकतं. फाटेलच असं नाही म्हणत मी. सीटी स्कॅन केल्याशिवाय सांगता येणार नाही."

"पण डॉक्टर, पैसे भरून झालेत."

हे माझ्या तोंडून निघालं आणि माझी मलाच लाज वाटली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"किती?"

"साडेसहा हजार."

"स्कॅनला जवळपास तेवढेच लागतील. आणि स्कॅन करून आलात तरी मी सही करीनच असं नाही. फॉर्मवर काय लिहिलंय तुम्ही?"

मी फी देऊन निघाले. एक्स-रेचं पाकीट पर्समध्ये मावेना, म्हणून उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात घालून घरी आणलं.

निघायला आठ दिवस राहिले होते. रविवारी सकाळी मी घावणे घालत होते. मुलीने दुकानातून पाण्याखाली लावायचे दोन मास्क आणले होते, त्यातला एक लावून ती आरशात बघत होती. आता बोलायला हवं होतं, आणि मी खोटंच बोलले.

"माझा कान दुखतोय गं. डाइव्ह जमेलसं वाटत नाही."

"संध्याकाळी कानाच्या डॉक्टरकडे जाऊ."

"तसं नाही... भीती वाटते."

"तुला? दहा फुटांत उडी मारतेस तू." तिने मास्क काढला. नाकाभोवती लाल वळ उठला होता. "पैशासाठी ना? मला वाटलंच होतं. बाकी सगळ्यांवर खर्च झालेला चालतो तुला, मी तुझ्यासाठी काही करायला गेले की काहीतरी निमित्त. मागच्या वर्षी घड्याळ आणलं ते परत करायला लावलंस. सरळ सांग ना एकदा, नको आहे म्हणून."

"पैशाचं नाही."

"मग कशाचं?" तिचा आवाज चिरकला. तिच्या बाबाने पेपर खाली केला. "कशाचं, आई?"

तव्यावरचा घावणा करपत होता. मी गॅस बंद केला, आतून पाकीट आणलं आणि टेबलावर ठेवलं.

"मला टीबी झाला होता. लग्नाच्या आधी. आता बरा आहे, कधीचाच. पण वण आहे, आणि मला खाली जाता येणार नाही. फॉर्म खोटा आहे."

मुलगी माझ्याजवळ आली आणि तिने माझा दंड धरला. तिला त्यात लपवण्यासारखं काय होतं हेच कळत नव्हतं. तिच्या ऑफिसातल्या एका मुलीला झाला होता, ती सहा महिने गोळ्या घेऊन बरी झाली, सगळ्यांना माहीत होतं.

नवऱ्याने पेपरची नीट घडी केली.

"कोविडमध्ये," तो म्हणाला, "तू आतल्या खोलीत होतीस. ऑक्सिजन नव्वदला आलेला. डॉक्टरांनी फोनवर मला विचारलं, पेशंटला फुप्फुसाचा जुना काही त्रास? मी सांगितलं, नाही, काहीच नाही. तुला ऐकू गेलं होतं ते?"

दार उघडंच होतं तेव्हा. दोघांमध्ये फक्त पडदा होता.

"हो," मी म्हटलं.

"आणि तू गप्प पडून राहिलीस."

"हो."

"मेली असतीस तर? मीच चुकीचं सांगितलं असं झालं असतं. आणि ते मला कधी कळलंही नसतं."

"बाबा, तू जरा..." मुलगी म्हणाली. त्याने हात वर करून तिला थांबवलं, चपला घातल्या आणि तो खाली निघून गेला. घावणे तसेच राहिले.

पुढचे आठ दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. दूध आलं का, किल्ली कुठे आहे. भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. एकदा मीच म्हटलं, अहो, तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही लग्न केलं असतं का? तो म्हणाला, "माहीत नाही. म्हणून तर राग येतो. मला ठरवायलाच मिळालं नाही."

मुलीने डाइव्हवाल्यांना खरं कळवलं. त्यांनी सभ्यपणे आभार मानले, पण पैसे परत दिले नाहीत. माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला आणा म्हणाले. दुसरं कोण आणणार? साडेसहा हजार गेले ते गेले. मुलगी म्हणाली, "जाऊ दे. तू बोटीत बस."

अंदमानात हॅवलॉक बेटावर मी बोटीत बसले. मुलगी पाठीवर नळकांडं बांधून उलटी पडली आणि हिरव्या पाण्यात दिसेनाशी झाली. नुसते बुडबुडे वर येत होते. मी घड्याळ बघत होते. बोटवाला म्हणाला, "आंटी, टेन्शन मत लो," पण मला त्या डॉक्टरबाईंचं पेन आणि ती फिल्मच दिसत होती. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. बुडबुडे थोडे लांब गेले, मग मला सापडेनातच. मी उभी राहिले. बोटवाल्याने ओरडून खाली बसवलं. पस्तीसाव्या मिनिटाला ती वर आली, आणि तिच्या मास्कमध्ये रक्त होतं.

मी पुढे झाले. इन्स्ट्रक्टर म्हणाला, दाबामुळे नाकातली छोटी शीर फुटते, बऱ्याच जणांना होतं. ती हसत होती. नाकाखाली लाल ओघळ, आणि ती कासवाबद्दल सांगत होती. मी तिच्या छातीवर हात ठेवून तिला तीनदा मोठा श्वास घ्यायला लावला. बाकीची माणसं बघत होती.

जेट्टीला लागता लागता मोबाइलला रेंज आली आणि नवऱ्याचा फोन वाजला. त्या रविवारनंतर प्रथमच त्याने आपणहून मला फोन केला होता.

"आली वर?"

"आली. नाकातून थोडं रक्त आलंय. ठीक आहे म्हणतात."

"आणि तू? तू नाही ना उतरलीस?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि फोन चालू ठेवून तसाच थांबला. मीही थांबले.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. मी स्कॅन करून घेतला. वण जुनाच आहे, वाढलेला नाही. नवरा बोलतो, हसतो, पण सगळं पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. मधूनच, भाजी आणताना किंवा बस थांब्यावर, त्या नऊ महिन्यांबद्दल तो एखादा प्रश्न विचारतो. गोळ्या किती होत्या, घरची आठवण यायची का. परवा वडाळ्याला एका लग्नाला टॅक्सीने चाललो होतो, सिग्नलला थांबलो, तर तो म्हणाला, "मावशीकडे तुला भेटायला कोण यायचं?"

"बाबा. रविवारी. मोसंबी आणायचे."

"आत येऊन बसायचे?"

"यायचे. मावशी नको म्हणायची, तरी माझ्या खाटेवरच बसायचे."

सिग्नल सुटला. तो म्हणाला, "हे तरी सांगायचं होतंस," आणि टॅक्सीवाल्याला हॉलसाठी डावीकडे घ्यायला सांगितलं.