शाळेतल्या आपट्याचं सोनं

नेत्रावती बाई मूळच्या मन्नाएखेळ्ळीच्या. घरची बोली कन्नड, आणि नेमणूक झाली बसवकल्याण तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत, कन्नड शिकवायला. पहिल्या वर्षी मुलं त्यांच्या मराठीला हसत. बाई रागावत नसत. "मग तूच सांग बरोबर कसं म्हणायचं," असं म्हणून हसणाऱ्यालाच फळ्यापाशी उभं करत. इको क्लबचं काम आमच्याकडे नव्या माणसाच्या गळ्यात पडतं, तसं ते त्यांच्या गळ्यात पडलं. मी त्याच शाळेच्या कार्यालयात आहे. इको क्लब म्हणजे जूनमध्ये एक रोप लावून फोटो काढायचा, एवढंच तोवर मला ठाऊक होतं.

दसऱ्याला आमचं सगळं गाव माळावर जाऊन आपटा ओरबाडायचं. पान हवं तिथं फांदी मोडायची, असा प्रकार. बाईंनी मुलांना माळावर नेऊन ती सोललेली झाडं दाखवली आणि शाळेच्या कुंपणालगत मुलांकडून आपटे लावून घेतले. दुपारचं बिसिऊट, म्हणजे शाळेतलं जेवण, झालं की ताटं धुतलेलं पाणी झाडांना जाई. शेळ्या येऊ नयेत म्हणून मुलांनी बाभळीच्या काट्या रोवल्या. तिसऱ्या वर्षी झाडं मुलांच्या डोक्यावर गेली.

क्लबचा प्रत्येक निर्णय मुलं बैठकीत हात वर करून घेत आणि बाई मध्ये बोलत नसत. मुख्याध्यापकांना हे रुचत नव्हतं. "पोरांच्या हातात एवढं देऊ नका, बाई. एक दिवस पस्तावाल," असं ते म्हणत. "हातात दिलं तरच ती धरतील, सर," हे बाईंचं ठरलेलं उत्तर.

यंदा दसऱ्याच्या सुटीत बाई माहेरी गेल्या आणि सणादिवशी दुपारी परतल्या. शेजारच्या नागूबाईंनी त्यांना दारातच गाठलं.

"बाई, यंदा एक माणूस माळावर गेलं न्हाई बघा! झाडं जशीच्या तशी उभी हायत."

"कुणीच नाही?" बाईंचा विश्वास बसेना.

"कामून जातील? तुमची पोरं सकाळीच घरोघर पानं देऊन गेली की."

"कुठली पानं?"

"आता सोन्याला कुणी त्याचं गाव इचारतंय व्हय!" नागूबाई हसत आत गेल्या.

संध्याकाळी मी बाईंकडे सोनं द्यायला पोचलो, तेव्हा क्लबची मुलं दारात उभी होती. सगळ्यांत पुढे आठवीतला अमरेश. त्यानं आपट्याचं पान पुढं केलं.

"बाई, सोनं घ्या."

"कुठून आणलंस?"

"आपलंच हाय की. शाळेतलं."

दसऱ्याला समोर आलेलं सोनं आमच्याकडे कुणी नाकारत नाही. वर्षभर बोलणं बंद असलेला भाऊसुद्धा ते घेतो. बाईंचा हात मात्र अर्ध्यावरच थांबला.

"सगळी पानं शाळेतली? अख्ख्या गावाला वाटलेली?"

"व्हय. माळावरचं तोडायचं न्हाई म्हणून तुम्हीच सांगितलं. मग गावानं दसरा कसा करायचा? मीटिंग घेतली, हात वर करून ठरवलं."

"मला विचारायचं होतंस रे."

"तुम्ही मधी बोलत न्हाई ना, बाई."

त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. माझ्या मुठीतही तेच पान होतं. सकाळी देवापुढं ठेवताना ते कुठलं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

बाई चप्पल न घालताच शाळेकडे निघाल्या. मागून आम्ही सगळे. फाटकातून आत गेलो आणि बाई जागीच थबकल्या. कुंपणालगत आपट्यांच्या नुसत्या काठ्या उभ्या होत्या. शेंड्याची पानं काढताना फांद्या वाकवल्या होत्या, काहींची साल खालपर्यंत उतरली होती. एक झाड तर कमरेतून मोडलं होतं. त्या झाडापाशी सातवीतली चैत्रा बसली होती. मोडलेलं खोड सरळ धरून ती त्याला ओढणीनं बांधत होती.

"ती हारली बाई, म्हणून फुगून बसलीय," अमरेश म्हणाला. "तिनं एकटीनंच हात वर केला न्हाई."

"हारले म्हणून न्हाई," चैत्रा वर न बघता म्हणाली. "पाऊस सरलाय. आता एक बी पान न्हाई, मग झाड खाईल काय? पानातच त्याचा सैपाक होतो, बाईंनीच शिकवलंय."

"मग मीटिंगमधी कामून बोलली न्हाईस?"

"बोलले की. तुम्ही हसलात."

मुलं हातातल्या पानांकडे बघायला लागली. हे सोनं आता कुठं ठेवावं, हे त्यांना कळेना. एक लहान मुलगी रडायला लागली. बाई मोडक्या झाडाशेजारी मातीत बसल्या. घुटमळत अमरेशनं विचारलं, "बाई, घेणार न्हाई का? आता क्लब बंद करणार व्हय?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. या प्रश्नाला होय म्हटलं असतं तर मुख्याध्यापकांना आनंदच झाला असता, आणि त्या क्षणी मलाही ते योग्य वाटलं असतं. बाईंनी पदर पुढं केला. एकेक मूल येऊन त्यात पान टाकून गेलं. सोन्यासारखं राहा, असं त्या दिवशी कुणीच कुणाला म्हणालं नाही.

"क्लब बंद नाही करायचा," शेवटी बाई म्हणाल्या. "उद्या बैठक. आधी चैत्रा बोलेल, आणि कुणी हसायचं नाही. या वेळी मीही बोलणार. मग हात वर करा."

अमरेशनं थोडा विचार केला. "चालंल," तो म्हणाला. "पण बाई, तुमचं बी मत एकच धरणार."

बाईंनी मान डोलावली, पानांचा पदर खोचला आणि चैत्राच्या ओढणीचं दुसरं टोक धरलं.