तीन वर्षांच्या पगाराच्या नकला

आमच्या घरात पगाराची चिठ्ठी कधी टिकली नाही. बाबा मुलुंडच्या एका कारखान्यात होते. पगाराच्या दिवशी गेटबाहेर पडले की बसस्टॉपवर उभं राहून ते चिठ्ठीचे बारीक बारीक तुकडे करायचे, गटारात सोडायचे आणि मगच घाटकोपरची बस पकडायचे. वर्षाच्या शेवटी टॅक्स कापल्याचा कागद मिळायचा, त्याचीही तीच गत. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा असं करत असतील.

खरं कारण मला दहाव्या वर्षी कळलं. मे महिन्यात गावी गेलो होतो आणि तिथे सगळे बाबांना भलत्याच नावाने हाका मारत होते. बाबा ओ देत होते. माझ्या शाळेच्या दाखल्यावर वडील म्हणून जे नाव होतं, ते नाव काकांचं, बाबांच्या थोरल्या भावाचं निघालं. कारखान्यात आधी लागले होते काका. दीड-दोन वर्षांत त्यांना टायफॉइड झाला, ते गावी गेले आणि परत येण्यासारखे राहिलेच नाहीत. हातची नोकरी घालवायची कशाला, म्हणून आजोबांनी धाकट्याला पाठवलं. मुकादम शेजारच्याच गावचा. तो म्हणाला, नाव तेच राहू दे, साहेबाला कुठे चेहरे आठवतात! त्या काळी असं सर्रास चालायचं, कुणाला त्यात पाप वाटत नव्हतं. तेव्हापासून मुंबईत बाबा म्हणजे काका. कारखान्यात काका, रेशनकार्डावर काका. आईने नवऱ्याचं नाव घ्यायचंच नसायचं, त्यामुळे तिचं बरं होतं. फक्त हळदीकुंकवाला उखाण्यात दिराचं नाव घेताना ती लालेलाल व्हायची.

बाबांना मात्र तीस वर्षांत एक दिवस चैन पडलं नाही. कुणीतरी ओळखेल, नोकरी जाईल, वर पोलीस येतील. कागद दिसला की त्यांना घाम फुटायचा.

साल पंच्याऐंशी-शहाऐंशी असेल. आमची खोली घाटकोपरच्या टेकडीवर, अगदी दरडीला टेकून. मागच्या भिंतीला हात जाईल एवढी चीर पडलेली. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. मीच हट्टाने सरकारी घरांच्या सोडतीचा अर्ज भरला आणि नशीब बघा, बोरिवलीची खोली लागली. पत्र आलं. एका महिन्यात तीन वर्षांच्या पगाराचे आणि टॅक्सचे कागद आणा, नाहीतर खोली दुसऱ्याला जाईल.

कागद तर गटारात गेलेले.

“कंपनीतून नकला काढायच्या,” मी म्हटलं. “त्यात काय एवढं?”

बाबा जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला. “नको गो. माका भिया वाटता.”

“कसली भीती? तुमचाच पगार आहे ना?”

“आजपर्यंत माझी फाईल कोणी उघडूक नाय. तू उघडूक लावतंस.”

“मग मरू या सगळे दरडीखाली!” मी ताट सरकवून उठले. माझी जीभ तेव्हा अशीच होती, तिखट आणि आगाऊ. आई म्हणाली, अगं, त्यांना नको वाटतंय ना, जाऊ दे. पण ऐकेन ती मी कसली. आठ दिवस मी घरात तोच विषय लावून धरला. बाबांशी बोलणं टाकलं. शेवटी त्यांनी नकलांच्या अर्जावर काकांच्या नावाची सही केली. इतक्या वर्षांची सवयीची सही, पण त्या दिवशी तिचं शेवटचं अक्षर पार वाकडं आलं.

नकला घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेले. एकटे गेले तर गेटावरूनच परत येतील याची मला खात्री होती. हजेरी-पगाराचं टाइम ऑफिस म्हणजे पत्र्याची लांबट खोली, कपाटांवर छतापर्यंत रजिस्टरं. क्लार्क तरुण होता, बोलायला मोकळा. पगाराचे आकडे त्याने आधीच टाइप करून ठेवले होते. कार्बन लावून दोन प्रती, टॅक्सच्या दाखल्यासकट. वर शिक्के मारायचे तेवढे राहिले होते. मी बाबांकडे बघून भुवया उडवल्या. बघा, झालं की नाही?

“एक मिनिट हं, मामा,” क्लार्क म्हणाला. “घरासाठी आहे ना, म्हणून यात तुमची नोकरीची सुरुवात आणि जन्मतारीख टाकावी लागते. तुमच्या कार्डावर ती जागा कोरीच आहे. जुनं सर्व्हिस रजिस्टर काढतो.”

तो स्टुलावर चढला. माळ्यावरून एक जाडजूड, कडा खाल्लेलं रजिस्टर निघालं. फडक्याने धूळ झटकून तो पानं उलटायला लागला. बाबा टेबलाची कडा धरून उभे होते. आता पहिल्यांदा माझ्याही लक्षात आलं, ते पान काकांचं होतं. त्यात काय काय लिहून ठेवलं असेल, देव जाणे!

“हं, सापडलं.” तो मोठ्याने वाचायला लागला. नाव. गाव. तालुका. “ओळखीची खूण, उजव्या भुवईवर जुना व्रण.”

आणि त्याने मान वर केली.

काकांच्या भुवईवरची ती खूण मी गावी पाहिली होती. बाबांची भुवई स्वच्छ. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाबा, खाली बघा, तोंड फिरवा! पण ते नुसते उभे. क्लार्क बघत राहिला. किती वेळ बघत होता कोण जाणे, मला तर तो संपूर्ण दिवस वाटला. मनात म्हटलं, वाट लागली, आणि ती मीच लावली.

“पुसून गेला वाटतं,” तो हसून म्हणाला. “माझ्या आजोबांचापण असाच गेला.” आणि पुन्हा पानात डोकं घातलं.

माझा जीव भांड्यात पडला. बाबांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. मी त्यांचा हात धरला.

क्लार्कचं बोट एक ओळ खाली सरकलं. तो थांबला, ओठातल्या ओठात काहीतरी हिशेब केला. मग खुर्ची मागे सरकवली. “अहो मामा! या मार्चला तुमची अठ्ठावन्न पूर्ण होतात की! कुणाच्या लक्षातच नाही. बरं झालं नकला मागितल्यात, नाहीतर साहेबांनी मला फाडून खाल्लं असतं. आजच वर नोट पाठवतो.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. अठ्ठावन्न काकांची होणार होती. दोघा भावांत आठ वर्षांचं अंतर. बाबांनी पन्नाशी आत्ता कुठे गाठली होती, त्यांची आठ वर्षं नोकरी बाकी होती. मी तोंड उघडलं, “अहो, पण ते तर...” आणि बाबांनी माझं मनगट असं आवळलं की मी तिथेच थांबले. क्लार्कने दोन्ही प्रतींवर शिक्के मारले. बाबांनी दोन्ही हातांनी कागद घेतले आणि त्याला थँक्यू म्हटलं.

तिसऱ्या दिवशी निवृत्तीची नोटीस हातात पडली. मी रडत होते, आणि रडताना माणूस तोंडाला येईल ते बोलतो. “भांडा ना बाबा! असे गप्प काय बसलात? जा साहेबांकडे, सांगा त्यांना!”

बाबा भिंतीच्या त्या चिरेजवळ बसले होते. आवाज जराही चढवला नाही.

“काय सांगू गो? भाव अठ्ठावन्नाचो, मी न्हंय म्हणान?”

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी ते उचललं नाही, आणि मला एका शब्दाने रागावलेही नाहीत. रागावले असते तर फार बरं झालं असतं. पगारच नाही तर हप्ते भरणार कोण, म्हणून बोरिवलीची खोली आम्ही सोडून दिली. मी कॉलेज सोडून अंधेरीला एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागले. मार्चच्या शेवटच्या दिवशी कारखान्यात बाबांचा निरोप समारंभ झाला. साहेबांनी काकांचं नाव घेऊन भाषण केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि डोक्यावरचा एक केस पिकलेला नसताना माझा बाप शाल-श्रीफळ घेऊन रिटायर होऊन घरी आला.