आज मी सगळ्यांच्या मागे बसले

मंडळी, दुपारपासून मन ठिकाणावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

बोईसरच्या आमच्या निवृत्तांच्या गटाला दर गुरुवारी कोणीतरी आपलं काम हौसेने शिकवतं. आज जाळं विणायला शिकायचं होतं, म्हणून आम्ही नवापूरला गेलो. शिकवणारी समोर आली आणि मी तिला ओळखलं. ही चंद्रा. माझीच जुनी विद्यार्थिनी.

नवीन शिक्षिका होते मी तेव्हा, याच गावच्या शाळेत. पहाटे आईबरोबर मासळी निवडून ती तशीच वर्गात यायची. वास येतो म्हणून मी तिला दाराशी एकटीला बसवलं. आठवडाभर बसली, मग यायचीच बंद झाली. मी पटावरून नाव कमी केलं आणि विसरूनही गेले.

तिने ओळखू नये म्हणून आज मी मुद्दाम सगळ्यांच्या मागे बसले.

चंद्राने लाकडी सुईत दोरा भरला, पहिली गाठ मारून दाखवली आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुमी पुडं या. माज्या बाजूला बसा. तितून काय दिसायचं नाय."

मी गेले. तिने माझा हात धरून तीच गाठ चार वेळा करून घेतली. जुनं काहीच बोलली नाही. मला माफी मागायची होती, पण मी पाचवी गाठ मारत राहिले.

पुढच्या गुरुवारी पुन्हा नवापूरला जाऊन मागेन. पण शिक्षक मंडळी, खरं सांगा, तुमच्या वर्गात दाराशी कोण बसायचं?