पहिल्या भागाची सर

नवऱ्याचं तेरावंही झालेलं नाही आणि काल मी थिएटरमध्ये खदाखदा हसले.

मोठ्याने. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

ज्यांनी पाहिलं ते बोलणारच. त्यापेक्षा मीच सांगते.

सतीश मरीन इंजिनियर. आयुष्य इंजिन रूममध्ये गेलं, त्यामुळे घरातही ओरडूनच बोलायचा. तो सुट्टीवर आलाय हे इथे परदेशात, क्लेमेंटीच्या आमच्या ब्लॉकला लिफ्टपाशीच कळायचं.

या वेळी आला, आणि जेवता जेवता छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

धाकटे दीर अस्थी घेऊन चिपळूणला गेले. दिवसकार्य तिकडेच चाललंय. ईराची परीक्षा, म्हणून आम्ही दोघी मायलेकी इथे. याचीही लाज वाटतेच.

तर पिक्चर.

एका जुन्या कॉमेडीवर सतीशचा भारी जीव. ईराच्या जन्माआधीची. त्यात नवऱ्यामुलाचा काका मंगल कार्यालयाच्या बाथरूममध्ये अडकतो आणि आतून ओरडून ओरडून अख्खं लग्न पार पाडतो. जहाजावर, घरी, पाहुण्यांसमोर, सतीशने तो पिक्चर किती वेळा पाहिला याला गणती नाही.

आणि दर वेळी, त्याच जागी, तो टीव्हीवर खेकसायचा.

"अरे बिजागऱ्या खोल की! आतल्याच बाजूला आहेत! माझ्या हाताखाली असतास ना..."

मी म्हणायचे, "त्याने बिजागऱ्या खोलल्या तर पिक्चर संपेल."

दुसरा भाग येणार, येणार म्हणता म्हणता ईरा ओ लेव्हलला, म्हणजे इथल्या दहावीला आली. माझं ठाम मत, इतक्या वर्षांनी दुसरा भाग काढतात ते जुन्या नावावर गल्ला भरायला. तो म्हणायचा, "बघ तू. पहिल्याच्या वरताण निघेल."

यावर आम्ही खरंखुरं भांडलोय. अबोला धरलाय.

मराठी पिक्चर इथे आला तर एखादाच शो. आधी इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर नावं घेतात, पुरेशी जमली तर हॉल मिळतो. सतीशने जहाजावरूनच आमची दोन नावं देऊन ठेवली होती.

तो शो काल होता. पाया लेबारच्या मॉलमध्ये.

मी जाणार नव्हते. ईरा पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "बाबा वॉज सो एक्सायटेड. यू गो लाह, आई."

निघता निघता चिपळूणहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. मी बाहेरच्या कपड्यांत.

"कुठे चाललीस गं?"

"देवळात."

सुतकात! देवळात! खोटंसुद्धा धड सुचलं नाही मला.  त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

हॉल फुल होता. शेजारच्या सीटवर मी पर्स ठेवली. एका मुलीने विचारलं, "इथे कोणी आहे?"

मी म्हटलं, "आहे."

खरं सांगू? पिक्चर पडेल निघावा अशी माझी मनापासून इच्छा होती. पहिली दहा-पंधरा मिनिटं तशी लक्षणंही दिसली आणि मला बरं वाटलं.

मग तो काका आला. म्हातारा झालेला. पुन्हा लग्न, पुन्हा तसलंच कार्यालय, पुन्हा ते बाथरूम. काका दारापाशी थांबला. दार उघडून खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. शांतपणे बिजागऱ्या खोलल्या, दार उचलून भिंतीला टेकवलं आणि मग आत गेला.

मी फुटले. बाकीचे हसून थांबले तरी मी थांबेना. हसता हसता शेजारी वळून म्हणालेसुद्धा, "अरे, बिजागऱ्या!"

पर्सला म्हणाले.

पुढच्या रांगेतल्या नीलिमाताईंनी मागे वळून पाहिलं. सतीश गेला त्या दिवशी घरी येऊन माझा हात धरून बसलेल्या त्याच नीलिमाताई. शो सुटल्यावर एस्कलेटरपाशी भेटल्या.

"अगं, तू? इथे?"

 मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

आज सकाळी सासूबाईंचा फोन.

"मेघा, काल देवळात गेली नव्हतीस."

"नाही आई. पिक्चरला गेले होते."

आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घालून बसले. तिकडे कावळे ओरडत होते, कोणीतरी भांडी घासत होतं. त्या म्हणाल्या,

"तोच का? सतीश सारखा म्हणायचा तो? दुसरा भाग?"

"हो."

"कसा आहे गं? पहिल्यासारखा जमलाय?"

मी म्हटलं, "नाही हो आई. पहिल्याची सर नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "म्हणजे फार काही राहिलं नाही त्याचं."

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या रडल्या.

सासूबाई सोशल मीडियावर नाहीत, कुणाच्या पोस्ट वाचत नाहीत. चिपळूणच्या मंडळींनो, हात जोडते, त्यांना हे दाखवू नका.

पिक्चर चांगला आहे. पहिल्याहून चांगला आहे.

सतीश, तू म्हणत होतास तेच खरं. काकाने बिजागऱ्या खोलल्या रे.

नीट जा.