मावशीची बाटली

माझ्या मावशीला ऑफिसात सगळे ‘बुडबुडा मावशी’ म्हणतात. नदीच्या पाण्याचे नमुने आणणं हे तिचं काम. जमिनीखालच्या पाण्यात खडकांतून आलेला रेडॉन नावाचा वायू असतो. उघड्या नदीत तो फार टिकत नाही, हवेत उडून जातो. म्हणून नदीत जिथे रेडॉन सापडतो, तिथे खालून झरे येऊन मिळतात असं समजायचं. बाटली मात्र पाण्यात बुडवून, आतच झाकण लावून भरायची. बुडबुडा राहिला तर नमुना फुकट. नव्या मुलींच्या बाटल्या उलट्या धरून मावशी विचारायची, “काय गं, यात मासे पाळायचेत?”

त्या सकाळी पाणी हाडं गोठवणारं होतं आणि तिचा गुडघा ठणकत होता. काठावरच्या निसरड्या पायऱ्या तिने टाळल्या. पुलावरून बादली सोडली, वर ओढली आणि बाटली ओतून भरली. ओतताना वायू उडतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? पण बाटली काठोकाठ होती. दिसायला निर्दोष.

निकाल आला. पुलाखाली रेडॉन जवळजवळ नाहीच. म्हणजे तिथल्या काठावर ज्या खोल विहिरी खणायचा बेत होता, त्यांतून पाणी उपसलं तरी नदीला धक्का नाही.

“वरच्या वळणावर एवढा, आणि इथे एकदम गायब?” केमिस्ट म्हणाला. “परत घेऊ या का नमुना?”

“बाटली कोणाची?” मॅडमनी विचारलं.

“मावशींची.”

“मग संपलं. मला मिशा असत्या तर पैजेला लावल्या असत्या.”

सगळे हसले. मावशीही हसली.

घरी ती नळाखाली बादली ठेवून उभी राहिली. बादली भरली, पाणी वाहून तिच्या पायांवर आलं, तरी हलेना.

“मावशी, लक्ष कुठाय?”

तेव्हा तिने सगळं सांगितलं. माझ्याकडे न बघता.

“मग सांगून टाक ना त्यांना.”

“कोणत्या तोंडाने? त्या पोरींना मी काय काय बोलले आहे!”

“आणि नाही सांगितलंस तर?”

तिने नळ बंद केला. “तर विहिरी होतील, उन्हाळ्यात नदी आटेल, आणि मी पुलावरून जाताना दुसरीकडे बघेन.”

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांसमोर सांगितलं, “मी ओतून भरली होती. बुडवून नाही.”

कोणी रागावलं नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या, “गुडघा दुखत होता तर सांगायचं होतंत, मावशी.” ती माया तिला चपराकीसारखी लागली.

नमुना पुन्हा घ्यायचा ठरला. पायऱ्या उतरताना हात धरला तो जिला ती सर्वांत जास्त चिडवायची त्याच मुलीने. वाटेत कोणी थट्टा केली नाही. ‘मासे’ एवढं तरी कोणी म्हणावं, असं मावशीला फार वाटलं.

गार पाण्यात गुडघाभर उभं राहून तिने बाटली बुडवली, आतच झाकण घट्ट केलं आणि वर काढली. नेहमीसारखी उलटी करून पाहिली मात्र नाही. तशीच त्या मुलीच्या हातात दिली.

“तूच बघ,” ती म्हणाली.