वय विचारायचं नाही

होई आन गावात नदीकाठच्या एका हॉटेलात चादरी धुता धुता लुआची अर्धी जवानी गेली. आता हॉटेलच्या काउंटरवरची जागा रिकामी झाली आणि तिचा जीव त्या जागेत अडकला. मॅनेजर म्हणाला, "लुआताई, इंग्रजीची मधल्या पातळीची परीक्षा पास व्हा, जागा तुमची. नाहीतर मी बाहेरून माणूस आणणार."

झालं! लुआची लेक दिएप शिकवायला बसली. आणि लेक मास्तरीण झाली की आईची धडगत नसते हो! वाचणं जमलं, लिहिणंही रडतखडत जमलं. गाडं अडलं ते बोलण्यात. परीक्षेत दोन अनोळखी माणसं समोरासमोर बसवतात आणि बोला म्हणतात. आता समोरच्याचं वय माहीत नसताना तोंड उघडायचं कसं? लुआच्या भाषेत नुसतं 'तू' चालत नाही; समोरची मोठी असली तर ताई, आईच्या वयाची असली तर मावशी, लहान असली तर बाळ. इंग्रजीत मात्र आजोबांना आणि कुत्र्याला एकच 'यू'!

"आई, वय अजिबात विचारायचं नाही," दिएप डोळे वटारायची. "त्या लोकांत ते वाईट दिसतं. मार्क जातील."

"मग बोलू कुणाशी? भिंतीशी?"

परीक्षेच्या सकाळी सासूबाईंनी घरातली शून्यासारखी गोल अंडी लपवली, सुनेला शून्य मिळायला नको म्हणून. केळी शेजारणीला देऊन टाकली, कारण केळं खाल्लं की माणूस परीक्षेत घसरतो. एवढा बंदोबस्त करून लुआ निघाली.

जोडीला आली एक काडीसारखी पोरगी. विषय मिळाला: मैत्रीण गाव सोडून चालली आहे, तिला काय द्यायचं ते दोघींनी ठरवायचं होतं. सुरू करा म्हणून परीक्षक बाईंनी मान डोलावली, तर पोरगी टेबलाची कड नखानं खरवडत बसली. लुआच्या डोळ्यांसमोर काउंटर लांब गेलं आणि ओल्या चादरींचा ढीग जवळ आला. मरोत ते मार्क, म्हणत तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलंच, "तुझं वय काय गं?"

परीक्षक बाईंचं पेन थांबलं.

"एकोणीस," पोरगी पुटपुटली.

"अगं बाई, माझ्या दिएपएवढी! म्हणजे मी तुझी मावशी. सकाळी खाल्लंस का काही?"

"नाही. भीती वाटते."

"भीती कसली? मला सांग, ही आपली मैत्रीण आवडीनं खाते काय?"

पोरगी हसली. "नूडल्स."

"मग नूडल्स बांधून देऊ!"

"मावशी, प्रवासात खराब होतील ना!"

"माझ्या हातच्या? शक्यच नाही!"

मग काय विचारता! दोघी अशा भांडल्या की बाईंना दोनदा "थांबा" म्हणावं लागलं.

निकाल लागला. लिहिण्यात काठावर, बोलण्यात सगळ्यांत जास्त! दिएपनं कागद पुन्हा पुन्हा पाहिला. "आई, तू बोललीस तरी काय?"

"सांगितलं तर ओरडशील."

काउंटरवरच्या पहिल्याच दिवशी एक गोरी म्हातारी बॅगा ओढत, कपाळाला आठ्या घालून आली. मागे मॅनेजर उभा होता. लुआनं कॉलर नीट केली आणि विचारलं, "तुमचं वय काय?"

मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं.

"ब्याऐंशी!" म्हातारी गुरकावली. "का?"

"मग आधी बसा, आजी. कागद नंतर भरू. जेवलात का?"

म्हातारीनं बॅग खाली ठेवली. "नाही गं," ती म्हणाली, "आणि घरातून निघाल्यापासून मला हे कुणी विचारलंसुद्धा नव्हतं."