हरणीचे थेंब

लहान मुलांच्या वॉर्डात तिला सगळे मावशी म्हणत. चादरी बदलायच्या, भांडी धुवायची, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचं, हे तिचं काम. गोष्टी सांगणं हे काम नव्हतं, पण दुपारी औषधं झाली की पोरं तिचा पदर सोडत नसत. मग ती लहानपणी ऐकलेली परीकथा सांगायची. एका हरणीच्या डोळ्यांत अमृताचे थेंब होते. वणव्यात भाजलेलं एक परकं पाडस तिला दिसलं. तिनं एकेक थेंब त्याला दिला. पाडस उठून बसलं आणि हरणी आंधळी झाली. शेवटी वनदेवी यायची आणि हरणीला डोळे परत द्यायची. पोरांना दयामाया कळावी, एवढाच मावशीचा हेतू.

खिडकीजवळच्या खाटेवर सहा वर्षांची एक मुलगी होती. तिची जीभ टाळ्याला कधी लागायचीच नाही, म्हणून तिचं नाव पडलं बडबडी. तिला झटके यायचे आणि त्यासाठी सकाळ-संध्याकाळ गोळी असायची. शेजारच्या खाटेवर तिच्याहून लहान एक मुलगी तापानं फणफणलेली. ती दिवसभर कण्हायची. बडबडी तिला छोटी म्हणायची.

एकदा गोष्ट संपल्यावर बडबडीनं विचारलं होतं, देणाऱ्याला खरंच काही होत नाही का? मावशीच्या हातात धुवायच्या चादरींचं बोचकं होतं. ती जाता जाता म्हणून गेली, "नाही गं, जो देतो त्याला देव सांभाळतो."

त्यानंतर छोटीचं कण्हणं थांबलं. ती झोपून राहू लागली. तिची आई म्हणाली, बरं झालं, पोरीला उतार पडतोय. मावशीलाही हायसं वाटलं.

आणि एका दुपारी बडबडीला झटका आला. दात घट्ट मिटलेले, डोळे पांढरे, सगळं अंग ताठ. सिस्टर धावली, डॉक्टर आले, खाटेभोवती पडदा ओढला गेला. गोळ्या चालू असताना झटका येतोच कसा, हे कुणाला कळेना. डॉक्टर म्हणाले, ही गोळी लागू पडत नाही, दुसरं जास्त जोरकस औषध सुरू करावं लागेल.

पडद्याबाहेर छोटीची आई लेकीला हलवत होती. उठ बाळा, दूध घे. पोर मान टाकून पडली होती. मावशी मदतीला वाकली. छोटीची मूठ उघडली तर तळव्यावर बिस्किटाचा चुरा, आणि त्यात अर्धी विरघळलेली पांढरी गोळी. छोटीला तर नुसतं पातळ औषध असायचं.

तशी गोळी शेजारच्या खाटेवर बडबडीलाच मिळायची. बडबडी गोळी गालात धरून ठेवत होती. सिस्टरची पाठ वळली की थेंब शेजारच्या खाटेवर जात होता.

मावशीला आपलं घर आठवलं. घरी आजारी नवरा, दोघांचं पोट या नोकरीवर. तोंड उघडलं तर नोकरी गेलीच म्हणून समजा. आणि ती आई? शेजारीच उभी होती, डोळे मावशीवर लावून. मूठ परत मिटावी, चुरा झाडून टाकावा, कुणाला काय कळणार? क्षणभर मावशीनं तसं केलंही. मूठ मिटली. मग हातातली ती इवलीशी बोटं तिला फार गार लागली.

तिनं पडदा बाजूला सारला. "डॉक्टर, हिच्या गोळ्या हिच्या पोटात गेल्याच नाहीत. त्या छोटीनं खाल्ल्यात. मी एक गोष्ट सांगितली होती, त्यामुळं झालं हे."

डॉक्टर छोटीकडे धावले. नळ्या आल्या, ऑक्सिजन आला. छोटीची आई मावशीकडे वळली आणि नुसती बघत राहिली. एखादी शिवी दिली असती तरी मावशीला बरं वाटलं असतं.

संध्याकाळ होता होता छोटीनं डोळे उघडले आणि आईला हाक मारली. बडबडीचं औषध बदलावं लागलं नाही. आपलीच गोळी पोटात गेली आणि ती शांत झोपली. मोठ्या सिस्टरनं मावशीला ऑफिसात बोलावून घेतलं. नोकरीचं काय ते वरचे ठरवतील, तोवर वॉर्डात गोष्टी बंद, असं सांगितलं. मावशीनं मान हलवली.

पाळी संपली होती, तरी ती घरी गेली नाही. बडबडीच्या उशाशी स्टूल ओढून बसली. पोरीला जाग आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न, छोटी बरी झाली का?

मावशीनं रागवायचं ठरवलं होतं. ते जमेना. "झाली. पण तुझी गोळी तिला विषासारखी होती गं. तीही जिवानिशी गेली असती, तूही गेली असतीस. मी तुला खोटं सांगितलं होतं. देणाऱ्यालाही होतं काहीतरी. कधीकधी फार होतं. कुणाला काही द्यावंसं वाटलं तर आधी मला विचारायचं."

बडबडी मावशीकडे कूस करून वळली. मग म्हणाली, "हरणीनं कुणाला विचारलं होतं?"

मावशीनं पोरीचा हात घट्ट धरला, आणि पोरीला झोप लागल्यावरही तो सोडायचा तिला धीर होईना.